फटीतल्या दोन कड्या

गाड्यांच्या सीटना कव्हरं शिवायचं काम मी रत्नागिरीत तीसेक वर्षं करत आलोय. सुरुवात रिक्षाच्या हुडांपासून झाली. मग जीपगाड्या आल्या, मग भाड्याचा गाळा मिळाला आणि घरगुती गाड्या यायला लागल्या. मिरकरवाड्यातले मासळीचे टेम्पोवाले पाण्याने धुता येईल असं रेक्झिन मागायचे. बागायतदारांना मऊ कापड लागायचं, आणि त्यावर परत प्लास्टिक. ज्याला जे हवं ते मी शिवून दिलं. कव्हर चढवल्यावर सीटवर एक सुरकुती दिसली तरी मी ते उतरवून पुन्हा शिवायचो. ही बढाई नाही. पुढे जे झालं ते काही अडाण्याच्या हातून झालं नाही, एवढं कळावं म्हणून आधी सांगतोय.

एअरबॅगचं मला कळत नव्हतं असंही नाही. ज्या गाडीच्या पुढच्या सीटच्या कडेला एअरबॅग असते, तिच्या कव्हरला त्या बाजूने मी सहज तुटेल असा कच्चा दोरा वापरायचो. वेळ आली तर पिशवी कापड फाडून बाहेर यायला हवी. गिऱ्हाइकाला मी हे समजावून सांगत असे आणि सांगताना मला जरा बरंही वाटत असे. पण ती पिशवी म्हणजे हवेची उशी, माणसाला अलगद झेलणारी, अशीच माझी समजूत होती. ती किती जोरात बाहेर येते हे मी कधी कोणाला विचारलं नव्हतं.

मुलगा पुण्यात नोकरीला आहे. लग्नानंतर तो तिथलाच झाला. सूनही तिथलीच, शाळेत शिकवते. नात दीड वर्षाची होती त्या दिवाळीला मुलाने गाडी घेतली आणि पहिल्यांदा गाडी घेऊन ते घरी आले. मी आणि बायको फाटकात उभे होतो. गाडी थांबली तेव्हा मागच्या सीटवर नात एका छोट्या खुर्चीत बसलेली दिसली. छातीवर पट्टे, पायांमध्ये पट्टा. मागच्या काचेवर नाक टेकवून बायको म्हणाली, "अगो बाई, बांधून कशाला आणलंत पोरीला?"

सून हसली. म्हणाली, "आई, सगळ्या वाटेत झोपली ती. तिला सवय आहे."

मला त्या खुर्चीचं कुतूहल वाटलं. ती गाडीला कशी बसते ते मी विचारलं, तर सुनेने मला वाकून दाखवलं. मागच्या सीटची पाठ आणि बैठक यांच्यामधल्या फटीत गाडीच्याच सांगाड्याच्या दोन लोखंडी कड्या असतात. खुर्चीला मागे दोन पकडी. त्या कड्यांत ढकलायच्या. "खट्ट असा आवाज आला पाहिजे, बाबा. आणि इथे हिरवी खूण दिसली पाहिजे. मग वरचा हा पट्टा पाठीमागे अडकवायचा. मी पुस्तक वाचून वाचून शिकले. पहिल्या वेळी दीड तास गेला." मग तिने खुर्ची धरून हलवून दाखवली. गाडी हलली, खुर्ची हलली नाही. सुबक काम होतं. मी मनातून दाद दिली.

दुसऱ्या दिवशी मंडळी दुपारची झोपली होती. मुलाकडून किल्ली मी आधीच घेऊन ठेवली होती, गाडी गाळ्यावर नेली. नव्या गाडीला माझ्याकडून भेट म्हणून कव्हरं शिवायची, हे मी गाडी घेतल्याचा फोन आला तेव्हाच ठरवलं होतं. तसल्याच गाडीवर मापं घेऊन कापड कापून ठेवलं होतं. चॉकलेटी रंग, कडेला पिवळट दोरा, पाठीवर चौकड्यांची शिवण. मी खुर्ची सोडवून बाकावर ठेवली आणि कव्हर चढवायला घेतलं. मागची बैठक आणि पाठ मी एकसंध शिवली होती, फट अजिबात दिसू नये म्हणून. सीटबेल्टच्या पट्ट्यांची कुलपं मी आत ढकलली. मागे पट्टा लावतो कोण, अशी आपल्याकडची रीत. त्या दोन कड्या कापडाखाली गेल्या. जाताना मला दिसल्या. दिसल्या नाहीत असं मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही, पण दिसल्या असंही बरेच दिवस सांगितलं नाही.

गाडी परत आणली तेव्हा मुलगा खूष झाला. सीटवरून हात फिरवत म्हणाला, "बाबा, शोरूममध्ये असं मिळत नाही." सूनही छान म्हणाली. खुर्ची मी डिकीत ठेवली होती.

त्याच्या पुढच्या सकाळी आम्हाला लांज्याला जायचं होतं. माझ्या बहिणीने नवं घर बांधलं होतं, त्याची वास्तुशांत. नऊला निघायचं ठरलं. मुलगा अंघोळीला गेला होता, बायको आत बहिणीसाठी डबे भरत होती. सून खुर्ची घेऊन गाडीपाशी उभी होती. मला बघून म्हणाली, "बाबा, त्या कड्या सापडत नाहीयेत. पट्ट्याचं कुलूपही कुठे गेलं कळत नाही. जरा बघता?"

मी वाकलो. बोटाने चाचपलं तर कापडाखाली कडी हाताला लागली. ब्लेडने दोन ठिकाणी बोटभर चीर दिली असती तर काम झालं असतं. कडेला टीप मग कधीही घालता आली असती. खिशात ब्लेड होतं, ते कायम असतं. दहा मिनिटंसुद्धा लागली नसती. पण कव्हर चढवून एक दिवस झाला नव्हता. त्या चौकड्यांच्या शिवणीकडे मी पाहिलं आणि माझा हात खिशाकडे गेला नाही.

"हे सगळं कव्हर उतरवावं लागेल," मी म्हणालो. "दोन तास तरी जातील."

"दोन तास?"

"हो. आणि लांजा ते किती, तासाभराचा रस्ता. आल्यावर मी नीट करून देतो."

ती घुटमळली. घड्याळ बघितलं. "वास्तुशांतीला उशीर होईल ना मग," असं स्वतःशीच म्हणाली आणि खुर्ची उचलून ओटीवर ठेवून आली. माझ्यावर अविश्वास दाखवायचं तिला कारण नव्हतं. तीस वर्षं हेच काम करणारा माणूस दोन तास म्हणतोय, तर दोन तास.

गाडी मुलगा चालवत होता. बायकोला मागे बसलं की गाडी लागते, म्हणून ती पुढे. मी आणि सून मागे, मध्ये डबे. नात आधी सुनेच्या मांडीवर होती, पण खुर्चीची सवय असलेल्या पोरीला मोकळं सोडलं की ती एका जागी राहीना. आजीकडे जायचं म्हणून रडायला लागली. हातखंब्याला बायकोने मागे हात केले. "दे गो तिला इकडे. माझ्या मांडीवर गप्प बसेल." सुनेने माझ्याकडे एकदा बघितलं आणि दिली. नात खरंच गप्प झाली. आजीच्या मांडीवर आडवी बसून बापाकडे बघत राहिली. बायकोने स्वतःचा पट्टा लावला होता, दोन्ही हातांनी पोरीला धरलं होतं.

"सहा एअरबॅग आहेत, आई, काळजी करू नकोस," मुलगा म्हणाला. कोणी काळजी करत नव्हतं. तो नव्या गाडीच्या कौतुकाने बोलला.

पालीच्या पुढे रस्त्याचं काम चालू होतं आणि एकाच बाजूने जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्या सोडल्या होत्या. आमच्या पुढे जांभ्या दगडाच्या चिऱ्यांनी भरलेला टेम्पो होता. समोरून बस अंगावर आली म्हणून त्याने एकदम ब्रेक दाबला. मुलानेही दाबला, पण खडी पसरली होती, गाडी घसरली आणि टेम्पोच्या मागच्या फाळक्यावर आदळली. वेग फार नव्हता. डब्यातला एक लाडूही बाहेर पडला नाही, हे मला नंतर कितीतरी दिवस आठवत राहिलं. पण पुढे जो आवाज झाला तो मी जन्मात ऐकला नव्हता. बंद खोलीत कोणी सुतळी बॉम्ब लावावा तसा. गाडीत पांढरा धूर भरला, जळका वास सुटला, आणि पुढच्या दोन्ही पिशव्या लोंबकळताना दिसल्या.

नात रडत नव्हती. पाच-सात सेकंद गेले असतील. मग तिने सूर लावला आणि सुनेने स्वतःच्या तोंडावर हात धरला. मुलाने दार उघडून पलीकडे धाव घेतली. नातीचा डावा गाल सोलवटून लाल झाला होता आणि डाव्या कानातून रक्ताचा बारीक ओघळ मानेवर आला होता. बायकोचा उजवा हात मनगटातून वाकडा झाला होता. तिला ते कळलंही नव्हतं. त्याच हाताने ती पोरीचं कपाळ पुसायला बघत होती.

एका जीपवाल्याने आम्हाला परत रत्नागिरीला इस्पितळात आणलं. बायकोचं मनगट मोडलं होतं. नातीच्या कानाचा पडदा फाटला होता. तपासणारे डॉक्टर वयस्कर होते. ते म्हणाले, "ही पोर वीतभर पुढे असती तर मी तुमच्याशी कानाबद्दल बोलत नसतो. मांडीवरच्या मुलाला ती पिशवी वाचवत नाही, मारते. पुढच्या सीटवर मूल घ्यायचंच नाही. गाडीत खुर्ची नव्हती का?"

"होती," सून म्हणाली. "घरी राहिली."

मुलाने आईकडे बघितलं. ती बाकावर हात छातीशी धरून बसली होती. "आई, तू तिला पुढे कशाला घेतलंस?" तो आवाज चढवून बोलला नाही. मी शेजारी केसपेपर घेऊन उभा होतो. त्या वेळी मला बोलायचं होतं. खुर्ची घरी का राहिली ते एका वाक्यात सांगता आलं असतं. ते वाक्य मी बोललो नाही, आणि त्या दिवसानंतर ते दर दिवशी जास्त अवघड होत गेलं.

पडदा भरून येईल असं डॉक्टर म्हणाले होते, तसा तो आला. गालावरची कातडीही महिनाभरात सारखी झाली. पण पुढच्या उन्हाळ्यात सुनेच्या लक्षात आलं की डाव्या बाजूने हाक मारली की पोर भलतीकडेच बघते. पुण्यात तिला झोपवून तपासणी केली. डाव्या कानाची आतली शीर त्या आवाजाने गेली होती. ती परत येत नाही. मुलाने फोनवर सांगितलं तेव्हा बायको भाजी निवडत होती. मी तिला सांगितलं. ती निवडत राहिली. सगळी जुडी झाल्यावर देठंच ताटात ठेवून पानं टाकून दिल्याचं तिच्या लक्षात आलं.

आमच्या नातेवाइकांत एक गोष्ट तयार झाली. आजीने हौसेने नातीला पुढे घेतलं आणि असं झालं. वाईट हेतूने कोणी बोलत नव्हतं. बहिणीसुद्धा म्हणायच्या, "तिला बिचारीला काय माहीत." त्या 'बिचारी'ने बायको जास्तच गप्प व्हायची. मुलगा-सून आले की ती नातीसाठी सगळं करी, घावने घाली, न्हाऊ घाली, पण तिला मांडीवर घेईना. पोर चढायला लागली की "थांब हां, गॅसवर काहीतरी आहे," म्हणून उठे. गॅसवर बहुतेक वेळा काही नसे.

मी हे बघत होतो. गाळ्यावर जाऊन मी एक गोष्ट मात्र बदलली. मागच्या सीटचं कव्हर शिवताना कड्यांसाठी चीर ठेवायला लागलो, पट्ट्यांची कुलपं वर काढून ठेवायला लागलो. लांज्याचे एक शिक्षक नव्या गाडीचं कव्हर करायला आले, ते वैतागले. "नव्या कव्हरला भोकं कसली पाडता?" म्हणाले. मी विचारलं, "घरात लहान मूल आहे?" ते म्हणाले, "आहे, पण ते आईच्या मांडीवर बसतं." मी त्यांना जे सांगायचं ते सांगितलं, डॉक्टरांनी सांगितलं तसंच. परक्या माणसाला ते सांगताना जीभ अडखळली नाही. घरी आल्यावर मात्र मी पेपर वाचत बसलो.

अशी दोन वर्षं गेली. एका संध्याकाळी बायको ओटीवर तांदूळ पाखडत होती. मनगट बरं झालं होतं, पण सूप जास्त वेळ धरवत नव्हतं, म्हणून मधे मधे थांबायची. असंच थांबून ती म्हणाली, "मी तिला मागेच राहू दिलं असतं तर." ती हे पहिल्यांदाच मोठ्याने बोलली होती.

मी तिला सांगितलं. कड्या दिसल्या होत्या, ब्लेड खिशात होतं, दोन तास लागतील हे खोटं होतं. सगळं सांगितलं. तिने सूप खाली ठेवलं आणि विचारलं, "सुनेला सांगितलंत?"

"नाही."

"मग मला कशाला सांगता?"

तिने सूप उचललं. "आधी तिला सांगा," म्हणाली, आणि उरलेले तांदूळ पाखडले.

मी पुण्याला गेलो. फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं. मुलगा कामावर होता, नात बालवाडीत. सुनेने चहा ठेवला. मी तिला उभ्यानेच सांगायला सुरुवात केली, तर म्हणाली, "बसा, बाबा." मग मी बसून सांगितलं.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला माहीत आहे. गाडी दुरुस्त होऊन आली तेव्हा मी इथल्या गॅरेजवाल्याला खुर्ची बसवायला सांगितलं. त्याने कटरने दोन कट मारले. मी बाजूलाच उभी होते. पाच मिनिटं लागली असतील."

"मग तू बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले. आधी खूप राग होता. नंतर वाटलं, मीसुद्धा खुर्ची उचलून ओटीवर नेऊन ठेवलीच की. मला सगळं माहीत असून." तिने चहाचा कप माझ्यापुढे सरकवला. "पण बाबा, आईंना तर तुम्ही तेव्हाच सांगितलं असेल ना?"

मी मान हलवली. नाही.

तोवर ती शांतपणे बोलत होती. आता तिचा चेहरा बदलला. "म्हणजे इतके दिवस त्या एकट्याच," एवढं म्हणून ती उठली, आत गेली आणि दार लोटून घेतलं. आतून ती माझ्या बायकोशी फोनवर बोलताना ऐकू येत होती. शब्द कळत नव्हते. पाऊण तास बोलणं चाललं होतं. चहा तसाच राहिला. पोरीला वाचवायला खोटं बोललो असतो तर गोष्ट वेगळी, मी सीटचं कापड वाचवलं होतं, आणि मग स्वतःला वाचवायला बायकोला पुढे केलं होतं. यातलं दुसरं जास्त वाईट होतं हे मला त्या बंद दारासमोर बसून कळलं. पहिलं दहा मिनिटांत घडलं. दुसरं मी दोन वर्षं रोज करत होतो.

मुलाला सुनेनेच सांगितलं. त्याने मला काही विचारलं नाही. महिनाभराने एकटाच येऊन आईजवळ दोन दिवस राहून गेला. गाडीची कव्हरं त्याने काढून टाकली आहेत, मूळच्या कापडी सीट तशाच ठेवल्या आहेत.

बायको आणि सून आता रोज फोनवर असतात. बायको माझ्याशी बोलते, बाजारातून काय आणायचं, कोणाकडे लग्न आहे, नळाला पाणी आलं का. पूर्वी संध्याकाळी ती गाळ्यावर काय झालं ते विचारायची, ते विचारत नाही. मीही आपणहून सांगत नाही.

नात आता शाळेत जायला लागली आहे. वर्गात तिला डावीकडच्या भिंतीशी, पहिल्या बाकावर बसवतात, म्हणजे सगळं उजव्या कानाकडे येतं. मे महिन्यात ती आमच्याकडे आली होती. मी तिला भाट्याच्या समुद्रावर नेलं. रस्ता ओलांडताना मी चुकून तिच्या डाव्या हाताला होतो आणि तिला काहीतरी सांगत होतो. तिने मला धरून पलीकडच्या बाजूला आणलं. म्हणाली, "आजोबा, इकडून बोला. तो कान बंद आहे." चप्पल तुटली आहे हे सांगावं इतक्या सहज म्हणाली. मग विचारलं, "तुम्हाला माहितेय तो कसा बंद झाला?"

"आई काय सांगते?"

"आई म्हणते, मी बाळ होते तेव्हा गाडी धडकली. अजून मोठी झालीस की आजोबा नीट सांगतील म्हणते."

हे सांगणं सुनेने माझ्यावर ठेवलं आहे ते मला तिथेच कळलं. मी नातीला म्हटलं, सांगेन. ती पुढे वाळूत पळाली. मी तिच्या मागे, उजव्या बाजूने चालत राहिलो आणि कुठल्या वयाच्या मुलीला हे कोणत्या शब्दांत सांगतात याचा विचार करत राहिलो.